शंभरातले ऐंशी अख्खे

नोकरीतले किस्से घडत असतात तेव्हा ते किस्से नसतात. तेव्हा ती डोकेदुखी असते, साहेबांची बोलणी असतात, आणि एखाद्या दिवशी नळाखाली तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेणंही असतं! मग वीस-पंचवीस वर्षं जातात, चार मैत्रिणी चहाला जमतात, कुणीतरी म्हणतं, "सुलभा, तो शिट्टीचा सांग गो," आणि तेव्हा कळतं की आपल्याकडे हे केवढं साठलंय. एक सांगायला घ्यावा तर त्याचा पदर धरून दुसरा हजर.

माझे किस्से सगळे एकाच शेडमधले. गोवा राज्य झाल्याला चार-पाच वर्षं झाली होती. बी.कॉम. होऊन मी डिचोलीच्या बाहेर, म्हापशाच्या रस्त्यावर असलेल्या एका काजूच्या फॅक्टरीत सुपरवायझर म्हणून लागले. कटिंगच्या शेडमध्ये बावीस मशीनं आणि बावीस बायका. मशीन म्हणजे काय, तर लाकडी टेबलावर दोन वाकडी पाती. उकडलेली काजूची बी त्यांच्यामध्ये धरायची, पायानं पेडल दाबायचं, हातानं दांडा वळवायचा, की टरफल उघडून आतला गर बाहेर. गर अख्खा निघाला तर राजा, दोन पाकळ्या झाल्या तर प्रजा, आणि तुकडे झाले तर मिठाईवाल्याकडे रवाना.

आमच्याकडे तेव्हा प्रजाच फार होती!

०००

आमचे शेट मूळचे पेडण्याचे. घरी कोकणी, पूजेला मराठी, पत्राला इंग्लिश, आणि रागावले की तिन्ही. फुटबॉलचं भयंकर वेड. मी लागल्यावर तिसऱ्या वर्षी ते पणजीच्या एका मोठ्या हॉटेलात सेमिनारला गेले आणि एक जाडजूड फाईल घेऊन परत आले. मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "सुलभा, टीमीक कोच लागता. आजपासून तूं कोच."

मी म्हटलं, "शेट, मी सुपरवायझर आहे."

"सुपरवायझर चुको सोदता. कोच गोल करून घेता!"

फाईलमधलं वाक्य असणार ते. पण पुढचं वाक्य फाईलमधलं नव्हतं. ते खाली बघत म्हणाले, "चवथीपर्यंत वेळ. शंभरांतले ऐंशी गर अख्खे येवंक जाय. ना जाल्यार कटिंग बेळगावाक व्हरतां. थंय एक जाण तयार आसा. आनी हें शेडींत सांगूं नाका. घाबरल्यार हात आनीक थरथरतले."

तेव्हा शंभरातले साठसुद्धा धड निघत नव्हते. चवथीला, म्हणजे गणपतीला, तीन महिने होते. कटिंग गेलं म्हणजे बावीस बायका घरी. त्यातल्या निम्म्या घरांत चूल त्यांच्याच पगारावर पेटायची, हे मला ठाऊक होतं, कारण हजेरी मीच घ्यायचे. मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. त्या "बरं"ची मला पुढं तीन महिने लाज वाटत राहिली.

निघताना शेटांनी खणातून एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. शिट्टी! कोच म्हटल्यावर शिट्टी हवीच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडच्या दारात उभी राहून मोठ्या ऐटीत दोनदा शिट्टी फुंकली. शेडमध्ये एकीनंही मान वर केली नाही. पण आमच्या गेटसमोर बस स्टॉप होता आणि स्टॉपवर म्हापशाची बस उभी होती. आमच्याकडे कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली की बस सुटते. सुटली! कंडक्टर बिचारा पलीकडे पाववाल्या पेद्रू पोदेराच्या सायकलीपाशी उंडे घेत होता. एका हातात पावाची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिकिटांचा गठ्ठा धरून तो बसमागं धावला, ते दृश्य बघायला मात्र बावीसच्या बावीस बायका दारात आल्या.

शेडमधली सगळ्यात फटकळ बाई रुक्मिणी. ती म्हणाली, "बाय, तुज्या शिट्येन कोण तरी धांवलो मगो. पयल्या दिसाक पुरो!"

शिट्टी मी त्याच दिवशी भाचीला देऊन टाकली.

०००

फाईलमध्ये लिहिलं होतं की टीमचं ध्येय सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावं. शेटांनी बोर्ड करायला टाकला. तो आला इंग्लिशमध्ये. अकाउंटवाले म्हणाले, शेडमध्ये इंग्लिश कोण वाचणार, मराठीत हवा. कोकणी राजभाषा झाल्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, तरी त्यावरून घराघरात वाद चालत. लगेच स्टोअरवाले म्हणाले, मराठी का म्हणून, कोकणीत हवा! दोघं दोन दिवस एका टेबलावर जेवले नाहीत. शेवटी शेटांनी एकाखाली एक असे तिन्ही बोर्ड ठोकले. भिंत भरली, वारा यायचा ते खिडकीचं जनेल अर्धं झाकलं गेलं.

रुक्मिणी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "तीन भाशेंनी बरयलां, बरें केलें. आतां एक वाचपी हाड!"

मी बावीसजणींना विचारत फिरले. वाचता येणाऱ्या सहा निघाल्या. तीन वर्षं मी त्यांच्या सह्या घेत होते आणि हे मी कधी विचारलं नव्हतं. कोच झाल्याचा पहिला फायदा मला झाला तो हा. मी मधला बोर्ड काढला, जनेल मोकळं केलं, आणि रोज संध्याकाळी दोन काचेच्या बरण्या टेबलावर ठेवू लागले. शंभर गर मोजून घ्यायचे, अख्खे एका बरणीत, फुटके दुसरीत. बरणी सगळ्यांना वाचता येते.

०००

आता शेवंताचं सांगते. शेवंता चंदगडकडची. नवरा इथं बांधकामावर, ही आमच्याकडे कटिंगला, राहायला बस स्टॉपच्या मागं एका खोलीत. तिची बोली निराळी म्हणून बाकीच्या जरा हसायच्या, त्यामुळे ती बोलायचीच नाही. पण हात असा की बघत राहावं! तिच्या ट्रेमध्ये शंभरातले नव्वद गर अख्खे.

फाईलमध्ये होतं: उत्तम कामगाराचा जाहीर सत्कार करावा. मी महिन्याच्या शेवटी सगळ्यांना जमवलं, दोन नारळ आणले, आणि पहिला नारळ घेऊन पुकारलं, "शेवंता!"

कुणी टाळी वाजवली नाही. शेवंता जागची हलली नाही. सगळ्या रुक्मिणीकडे बघायला लागल्या. मला काही कळेना. तेव्हा बॉयलरवरचा घाडीमामा माझ्या कानाशी आला. घाडीमामा शेटांच्याच गावचा, पेडण्याचा, साठीला टेकलेला. शेट लहान असताना त्यानं त्यांना खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं. तो हळूच म्हणाला, "बाय, रुक्मिणीच्या घोवाचें घर मानकरी. पयलो नारळ तिच्या घराचो. देवळांत तशें, लग्नांत तशें. तूं हांगा घोळ घालूं नाका."

"पण मामा, तिचे निम्मे गर फुटतात!"

"फुटूंदी. मान फुटूंक फावना."

मी हतबुद्ध! हातात नारळ, समोर बावीसजणी. तेवढ्यात शेवंताच पुढं आली, माझ्या हातातला नारळ घेतला, रुक्मिणीच्या ओटीत ठेवला आणि दुसरा स्वतः उचलला. म्हणाली, "मान त्यांचा त्यास्नी द्या की वो बाई. माजं गर माज्याजवळ हाईत."

शेवंताचं शेडमधलं हे पहिलं वाक्य.

त्याचा परिणाम झाला तो रुक्मिणीच्या घरी. नारळ घेऊन ती ऐटीत गेली आणि सासूनं विचारलं, "पयलो नारळ हाडलो, म्हणजे पयलो नंबर तुजो?" रुक्मिणी फटकळ असली तरी खोटं बोलणारी नव्हती. "नंबर तिचो, नारळ म्हजो," म्हणाली. यावर सासू जे हसली ते तीन दिवस हसत होती म्हणे!

चौथ्या दिवशी रुक्मिणीनं आपलं स्टूल उचललं आणि शेवंताच्या शेजारी नेऊन ठेवलं. दिवसभर ती शेवंताचे हात बघत होती. संध्याकाळी बरणीत पासष्ट अख्खे.

०००

फाईलमध्ये एक प्रकरण होतं, 'मोकळा संवाद'. सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकीनं शेजारणीची एक चूक प्रेमानं सांगायची. मी सगळ्यांना गोल बसवलं. पहिली म्हणाली, "हिचें सगळें बरें." दुसरी म्हणाली, "हिचें त्याहून बरें." तिसरीनं शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचं जेवण किती छान होतं ते सांगितलं. अर्ध्या तासात बावीस प्रमाणपत्रं वाटून झाली, आणि सभा संपून सगळ्या नळावर गेल्या. नळावर जो मोकळा संवाद झाला तो ऐकून मी कान झाकून घेतले!

माझ्या लक्षात आलं की या बायकांना सगळं ठाऊक आहे. कोण लहान-मोठ्या बिया एकाच पात्यात घालते, कोण पेडल दणकन दाबते, कोण घाई करते. पण तोंडावर सांगणार कोण? संध्याकाळी एकाच वाटेनं घरी जायचं असतं.

त्याच आठवड्यात नवी पाती आली. नवीन लोखंड आलं की नारळ फोडायचा आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्याकडची रीत. घाडीमामाच्या घराण्याकडे गावात तोच मान. सगळे उभे राहिले, डोक्यावर पदर आले, मामानं नारळ हातात धरून सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज तुज्या लेकरांनी नवीं पातीं हाडल्यांत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या एका सुरात.

"त्या पात्यांनी कोणाचें बोट कापूंक फावना, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी कोण ल्हान-व्हड बियो एकाच पात्यांत घालता आसत, देवा, आनी ताका लागून गर फुटता आसत, जाल्यार ताका बुद्ध दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? रुक्मिणीचा! ती स्वतःच तसं करायची, हे सगळ्या शेडला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर रुक्मिणी चाळणी घेऊन बिया निवडत बसलेली. लहान एकीकडे, मोठ्या दुसरीकडे.

मी फाईल मिटली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाच मिनिटं गाऱ्हाणं. जिला जे सांगायचं असेल ते तिनं आधी घाडीमामाच्या कानात सांगायचं, मामा ते देवाच्या कानावर घालणार. कुणाचं नाव नाही, कुणाला राग नाही. एकदा तर गाऱ्हाणं चालू असताना गेटावर पेद्रू पोदेर थांबलेला. त्यानं सायकल स्टँडला लावली, छातीवर क्रूस केला, "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि मग भोंगा वाजवला. एका गावात राहिलं की जिभेला सगळं माहीत असतं.

बरणीत सत्तर झाले. मला फार आनंद झाला, आणि त्याच रात्रीपासून धड झोप लागेनाशी झाली. सत्तर म्हणजे ऐंशी नव्हेत, आणि कॅलेंडर माझ्याच टेबलावर होतं.

०००

सत्तरवर गाडं अडलं. आज बहात्तर, उद्या सहासष्ट. मी डोकं खाजवून थकले.

एका सकाळी गाऱ्हाण्याच्या वेळी शेवंता मामाच्या कानाशी गेली नाही. ती पुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "आज मी सांगीन म्हंते."

कुजबुज झाली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं? त्यात परगावची! रुक्मिणी म्हणाली, "देव आमचो, तुजें कशें आयकतलो?"

शेवंता म्हणाली, "रवळनाथ आमच्या गावातबी हाय की वो. त्यो काय दोन हाय?"

घाडीमामानं नारळ तिच्या हातात दिला. तिनं डोळे मिटले.

"रवळनाथा म्हाराजा! मंगळवारी गर लई फुटतोय, आन शनवारी काळा पडतोय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज उकाडल्याली बी आमी उद्या कापतोय, म्हाराजा! म्हंजे चूक सोमवारची आन शुक्रवारची हाय!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज जरा बारीक.

"वाफ सांजच्या सात वाजता सुरू हुतीय, आन साडेसातची बस भोंगा मारून गेली की बंद हुतीय. माजी खोली स्टॉपामागं हाय, मला रोज दिसतंय. सोमवारी दुसऱ्या बसबर शर्यत लावून ती धा मिंटं आदी पळतीय. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, थांबत थांबत पाऊण तास उशिरा येतीय. रवळनाथा, बॉयलर बसच्या टायमावर चालतोय, आन बस कुणाच्याच टायमावर न्हाई!"

कुणीही "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. सगळ्यांच्या नजरा घाडीमामाकडे. बॉयलरवर घड्याळ होतं, पण मामाला ते कधी पटलं नव्हतं. बावीस वर्षं तो बसच्या भोंग्यावर वाफ बंद करत आला होता, आणि त्या काळी एकच बस होती, ती वेळेवर यायची. मामाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा माणूस टोपी घालून घरी जाणार, आणि आपलं सगळं संपलं.

मामानं हात जोडले. खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मग बावीसजणी म्हणाल्या.

त्या दिवसापासून मामानं घड्याळ बघायला सुरुवात केली. फक्त वाफ बंद करताना तो रस्त्याकडे बघून त्या बसच्या नावानं एक शिवी हासडायचा. बरणीत शहात्तर!

०००

शेटांना मी दर महिन्याला मीटिंगचा वृत्तांत द्यायचा होता. मी प्रामाणिकपणे लिहिला. विषय: वाफेची वेळ. मांडणार: शेवंता. अध्यक्ष: रवळनाथ. निर्णय: व्हय म्हाराजा.

शेटांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो अध्यक्ष आमच्या पगारपत्रकांत आसा?"

मी म्हटलं, "नाही शेट, मानधन नारळ."

त्यांना हसू आलं नाही. "सुलभा, सेमिनाराक हांवें इतलो खर्च केलो तो हाका? ही फॅक्टरी, देवूळ न्हय. फाल्यां गिऱ्हायक आयलो आनी हें पळयलें जाल्यार कितें म्हणटलो? बंद कर."

"शेट, शहात्तर झालेत."

"ऐंशी म्हणिल्लें."

आणि मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बेळगावच्या मनशाक हांवें उतर दिलां. चवथीच्या आदीं फिटर येतलो, मशीनां सोडोवंक."

शब्द देऊन झाला होता, मशीनं निघणार होती. मी केबिनबाहेर आले. घाडीमामा दाराशीच होता. त्यानं विचारलं, "शेट कितें म्हणटा?" मी म्हटलं, "छान चाललंय म्हणतात." मामानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

गाऱ्हाणं मी बंद केलं नाही. शेट सकाळी नऊला यायचे. आम्ही सातला घालायचो.

०००

चवथ चार दिवसांवर आली. शेडमध्ये गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीच्या गोष्टी, कुणाकडे किती माणसं येणार, कुणी करंज्या कधी करायच्या. आदल्या संध्याकाळी बरणीत अठ्ठ्याहत्तर होते. रुक्मिणीनं तीनदा मोजले. अठ्ठ्याहत्तरच.

सकाळी सगळ्या जमल्या. घाडीमामानं नारळ हातात घेतला, आणि देवाचं नाव न घेता माझ्यासमोर धरला.

"बाय, आज तुजो दिस. तीन म्हयने तुवें सगळ्यांचें आयकलें. तुजें कितें आसा तें आतां देवाक सांग."

मी मागं सरकले. "मला येत नाही, मामा."

"खोटें उलोवंक येता, तर हेंय येतलें."

मी नारळ घेतला. बावीस पदर डोक्यावर गेले. मी डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी मला ते जमलं नसतं.

"रवळनाथा म्हाराजा," मी म्हटलं. "या शेडमधल्या लेकींनी तीन महिने जीव ओतून काम केलं, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"पण त्यांच्या सुपरवायझरनं एक गोष्ट त्यांच्यापासून लपवली. आता हे कटिंग बेळगावला जायचंय. बावीसजणी घरी बसायच्यात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी घाबरले, म्हणून बोलले नाही. माझं चुकलं, म्हाराजा."

कुणी "व्हय" म्हणेना. मी डोळे उघडले नाहीत. रुक्मिणीच्या बांगड्या तेवढ्या एकदा वाजल्या. आता थांबले तर परत बोलता येणार नाही, एवढंच मला कळत होतं.

"शंभरातले ऐंशी मागितले होते, आम्ही अठ्ठ्याहत्तरवर उभे आहोत. दोन कमी पडले, ते पदरात घे, म्हाराजा. आणि ही शेड मोडायचं जर कुणाच्या मनात असेल, तर त्याचं मन फिरव. ही मशीनं इथंच राहू देत. या बायांचे हात इथंच चालू देत, म्हाराजा!"

मी नारळ छातीशी धरला.

"व्हय म्हाराजा!"

आवाज पुरुषाचा होता, आणि घाडीमामाचा नव्हता. तो मागून, दारातून आला होता.

मी वळले. दारात शेट उभे होते. सातला! चपला बाहेर काढलेल्या, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. त्यांच्या मागं खांद्यावर पान्यांची पिशवी घेतलेला बेळगावचा फिटर.

शेटांनी डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांचा हात आपसूक तोंडाकडे गेला. बावीसजणी त्यांच्याकडे बघत होत्या. घाडीमामाही बघत होता, पण लहान मुलाकडे बघावं तसा.

फिटरनं पिशवी खाली टेकवली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! तो म्हणाला, "शेट, कुठल्या मशीनपासून सुरुवात करू?"

शेट त्याच्याकडे वळलेच नाहीत. ते मामाला कायम 'घाडी' म्हणून हाक मारायचे, इतकी वर्षं मी दुसरं ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातल्या नारळाकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले,

"मामा, गाऱ्हाणें अर्दें कित्याक दवरलां? नारळ फोड!"